खुर्दा

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं मोजलं.
ओल्या स्पंजवर अंगठा टेकवायचा
आणि शंभर, शंभर, शंभर.
आता रात्री दोन वाजता
जेल रोडच्या घरात चटईवर बसून
एका कुत्र्याच्या फासळ्या मोजतो.
वर गेल्या, खाली आल्या: एक.
वर गेल्या, खाली आल्या: दोन.
मिनिट भरलं की थांबायचं.
तिसाच्या आत असेल तर झोपायचं.
वर गेलं, तर डॉक्टर कोठुळेंना फोन,
वेळ न बघता. त्यांनीच सांगून ठेवलंय.

नाव हेमलताने ठेवलं होतं.
"एवढ्या नोटा मोजता, घरी एक येत नाही.
निदान खुर्दा तरी येऊ दे."
सिन्नर फाट्यावरून पिशवीत घालून आणला,
त्याला आता बारा वर्षं.

कोठुळे बाईंनी एक्स-रे खिडकीला धरला.
हृदय केवढं तर,
श्वासनळीला खालून ढोपर लावून बसलेलं.
"झडप पूर्ण मिटत नाही, काका.
पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं."
मी प्रेसमधला माणूस.
शाई केसभर रेषेबाहेर गेली
तरी लाल खूण करायचो,
ती नोट मग जग बघायची नाही.
खिडकीपाशी उभा होतो, खिशाला पेन होतं.
ते काढलं
आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या.

हृदयाची रिकाम्या पोटी.
पाण्याची सकाळ-रात्र, अर्धी अर्धी.
हेमलता ती अडकित्त्यात धरून कातरते.
सुपारी सोडून तिला सतरा वर्षं झाली,
हात विसरलेला नाही.
तिच्या बीपीच्या गोळ्या शेजारच्याच डबीत;
झाकणावर नेलपॉलिशचा एक ठिपका तिचा,
दोन ठिपके त्याचे.
मीठ दोघांचं बंद.
एकट्यासाठी वेगळी आमटी कशाला,
म्हणून तिघांचं बंद.
मिसळीवरची शेव पडायची वाट बघत
ज्याने सगळे रविवार टेबलाखाली काढले
तो आता अळणी भाकरी चघळतो
आणि गोळी तेवढी, स्वच्छ,
फरशीवर काढून ठेवतो.
हिशेबात जास्त आलेली परत करावी तशी.

देवळालीकडे तोफांचा सराव असतो त्या दिवशी
आधी खिडक्यांच्या काचा ऐकतात, मग तो.
मी त्याच्या छातीवर तळहात ठेवतो.
आत ठोका असा नाहीच, खळखळ आहे,
वालदेवीला जरा पाणी असताना
पुलाखाली ऐकू येते तशी.

पाण्याची गोळी तीनला उठवते.
डिसेंबर. निफाडकडून थंडी सरळ गल्लीत शिरते.
त्याला माझा जुना स्वेटर, बाह्या दुमडून.
पूर्वी बिटकोपर्यंत मला ओढत न्यायचा,
आता कोपऱ्यापर्यंत, तेही वास घेत घेत.
पायऱ्या मी उचलून उतरवतो.
अकरा किलो आठशे.
मागच्या रविवारी बारा होता.
समोरचे ताजणे एकदा म्हणाले,
"मूळ रस्त्यावरचंच ना? एवढा खर्च?"
म्हटलं, "सुट्टे होते."

परवा रात्री छत्तीस.
पुन्हा मोजले. छत्तीस.
आडवा होईना, पुढचे पाय फाकवून
बसल्या बसल्या डुलक्या घेत होता,
मान खाली गेली की दचकून वर.
अंधारातून हेमलताने विचारलं, "किती?"
वहीत लिहून झालं होतं.
"अठ्ठावीस," म्हणालो.
एकतीस वर्षांत एक बंडल कमी-जास्त नाही,
आणि हे.
मागच्या दारी जाऊन फोन लावला, दबक्या आवाजात.
उरलेली अर्धी दिली, केळ्यात दाबून.
त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो
आणि मोजत राहिलो, तेहतीस, एकतीस,
मग कुठेतरी आकडा हरवला.

साडेपाचला दुधाची गाडी गेली
तेव्हा तो दाराशी उभा होता, कान टवकारून.
कोपऱ्यावर ताजण्यांच्या स्कूटरवर पाय वर केला.
बराच वेळ.
मी घाई केली नाही.

घरात आलो तर हेमलता वही उघडून बसलेली,
चष्मा कपाळावर, चहा निवलेला.
काही म्हणाली नाही.
त्याचा स्वेटर काढला, पाय पुसले चारही,
मग घड्याळ माझ्या मनगटावरून सोडवून घेत म्हणाली,
"आज रात्री मी मोजते."